पेरणीनंतर जाहीर झालेला भाव
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्याच्या पत्रकावर कापसाची खरेदी, वीजबिल आणि पीककर्ज असे तीन मोठे विषय छापले आहेत. शेवटी बारीक अक्षरात 'शिक्षण' असा चौथा विषय आहे. तो आमच्या वाट्याला आला आहे. कापसावर बोलणारे आमच्यानंतर आहेत, म्हणून आम्ही तुम्हाला फार वेळ थांबवणार नाही. पण विषय बारीक अक्षरात छापला म्हणून तो बारीक होत नाही. इथे बसलेल्या प्रत्येक घरात एखादा पोर किंवा पोरगी आठवी ते बारावीच्या मध्ये कुठेतरी आहे. पाच एकराचे दोन वाटे झाले की त्यावर एकाचाही संसार चालत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही. तेव्हा शेतीबाहेर पडणाऱ्या पोराला मानाने बाहेर पडता येईल की नाही, हा प्रश्न कापसाच्या भावाइतकाच घरचा आहे.

हा प्रश्न समजावा म्हणून आम्ही आज तुम्हाला अमेरिकेतली एक योजना सांगणार आहोत. ती २००६ साली सुरू झाली आणि २०११ साली बंद पडली. शाळेत कठीण विषय घेऊन शिकलेल्या गरिबाच्या पोरांना कॉलेजात सरकारने जादा अनुदान द्यायचे, अशी ती योजना. ऐकायला गोड वाटते. म्हणूनच ती नीट तपासून पाहिली पाहिजे. आपल्या सरकारला परदेशातल्या योजनांची नक्कल करायची हौस आहे आणि नक्कल करताना मूळ कागदातली चूकसुद्धा उतरवून घ्यायची सवय आहे.

एकाच कायद्यात कापूस आणि कॉलेज

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांचा आणि आमच्या कपाशीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. ८ फेब्रुवारी २००६ रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी एका कायद्यावर सही केली. सरकारी तूट कमी करण्याचा कायदा असे त्याचे नाव. आपल्याकडे अर्थसंकल्पात जसे सगळे एका गाठोड्यात बांधतात तसा तो कायदा होता. वृद्धांचे औषधपाणी, शेती, विद्यार्थ्यांची कर्जे, सगळे त्या गाठोड्यात. सिनेटमध्ये मते पन्नास-पन्नास झाली तेव्हा उपाध्यक्ष चेनी यांनी आपले मत टाकून तो पार नेला. खालच्या सभागृहात तो २१६ विरुद्ध २१४ अशा दोन मतांच्या फरकाने सुटला.

या कायद्याच्या शेतीच्या प्रकरणात कापसावरची एक सबसिडी रद्द झाली. तिला तिकडे 'स्टेप टू' म्हणत. अमेरिकन कापूस जगाच्या बाजारापेक्षा महाग पडला की तो घेणाऱ्या गिरण्यांना आणि निर्यातदारांना सरकार वरचा फरक भरून देत असे. म्हणजे महाग कापूस स्वस्तात जगाच्या बाजारात ओतायचा. त्याने आफ्रिकेतल्या, ब्राझीलमधल्या आणि आपल्याही कापूसवाल्याच्या भावावर दगड पडत होता. ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, मार्च २००५ मध्ये अपिलातही अमेरिका हरली, आणि १ ऑगस्ट २००६ पासून 'स्टेप टू' बंद झाली. कापसाच्या बाकीच्या सबसिड्या चालूच राहिल्या, तो विषय निराळा.

त्याच कायद्याच्या शिक्षणाच्या प्रकरणात विद्यार्थ्यांच्या कर्जावरच्या खर्चात पाच वर्षांत सुमारे १,२०० कोटी डॉलरची निव्वळ कपात केली गेली आणि त्याच कागदावर दोन नवी अनुदाने जाहीर झाली. पहिल्याचे नाव 'ॲकॅडेमिक कॉम्पिटिटिव्हनेस ग्रँट', म्हणजे अभ्यासातल्या चढाओढीचे अनुदान. दुसऱ्याचे नाव 'स्मार्ट ग्रँट'. दोन्हींसाठी मिळून पाच वर्षांत ४५३ कोटी डॉलर ठेवले. एका हाताने घ्यायचे, दुसऱ्या हाताने त्यातले थोडे परत द्यायचे आणि देताना फोटो काढायचा, ही रीत काही मुंबई-दिल्लीवाल्यांनीच शोधून काढलेली नाही.

योजना काय होती

अमेरिकेत गरीब घरच्या विद्यार्थ्याला 'पेल ग्रँट' नावाचे अनुदान १९७२ च्या कायद्यापासून मिळते. सिनेटर क्लेबोर्न पेल यांचे नाव त्याला मागाहून दिले गेले. ते कर्ज नाही, परत करायचे नसते, आणि घरची मिळकत पाहून दिले जाते. २००६-०७ साली ते जास्तीत जास्त ४,०५० डॉलर होते. नवे अनुदान हे पेल मिळणाऱ्यालाच, त्याच्या वर मिळणार होते. पहिल्या वर्षाला ७५० डॉलरपर्यंत. दुसऱ्या वर्षाला १,३०० डॉलरपर्यंत, पण पहिल्या वर्षात चारपैकी किमान तीनची सरासरी राखली तर. तिसऱ्या-चौथ्या वर्षी जो विज्ञान, गणित, अभियांत्रिकी, संगणक किंवा देशाला गरजेची ठरवलेली परदेशी भाषा शिकेल त्याला 'स्मार्ट'चे वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत. चार वर्षांचे मिळून जास्तीत जास्त १०,०५० डॉलर.

पहिल्या दोन वर्षांच्या अनुदानाला अट अशी की, पोराने शाळेत 'कसदार' अभ्यासक्रम पुरा केलेला असावा. कसदार कशाला म्हणायचे? राज्याने मान्यता दिलेला अभ्यासक्रम चालेल. नाहीतर केंद्राने दिलेली यादी होती: चार वर्षे इंग्रजी, तीन वर्षे गणित, त्यात बीजगणित आणि त्याच्या पुढचा एक विषय, तीन वर्षे विज्ञान, त्यात जीवशास्त्र, रसायन आणि भौतिक यांतले किमान दोन विषय एकेक वर्ष, तीन वर्षे समाजशास्त्रे, एक वर्ष परकी भाषा. किंवा मग शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीच्या दोन विषयांत परीक्षा देऊन ठरलेले गुण मिळवलेले असावेत.

या अटीमागे नुसती लहर नव्हती. अमेरिकेच्या शिक्षण खात्यात क्लिफर्ड ॲडेलमन नावाचे संशोधक होते. १९८० साली शाळेत दहावीत असलेल्या पोरांचा ती तीस वर्षांची होईपर्यंत सरकारने माग ठेवला होता. ती सगळी कागदपत्रे तपासून ॲडेलमन यांनी १९९९ साली अहवाल दिला. कॉलेजची पदवी कोण पुरी करतो, हे पाहिले तर शाळेतल्या अभ्यासाचा कस हा सगळ्यांत भारी पडतो. त्यातही गणित. शाळेत बीजगणिताच्या दुसऱ्या टप्प्याच्या पुढे एखादा गणिताचा विषय पुरा केलेला पोर कॉलेजात गेला, तर त्याची पदवी पुरी होण्याची शक्यता दुपटीहून जास्त होते.

ही गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या घरी दहावीनंतर पोराला कुठे घालायचे याची चर्चा होते तेव्हा 'गणित झेपणार नाही' हे वाक्य किती सहज बोलले जाते! त्या एका वाक्याने किती दरवाजे बंद होतात त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. ॲडेलमन यांनी तो मांडला. निष्कर्ष पक्का होता. त्यावर उभारलेली योजना मात्र लंगडी निघाली. ती कुठे लंगडली हे पाहायला शेतकऱ्याचीच नजर हवी.

पहिली चूक : पेरणी झाली, मग भाव

कायद्यावर सही झाली फेब्रुवारी २००६ मध्ये. अनुदान सुरू झाले त्याच वर्षीच्या कॉलेज प्रवेशापासून. त्या उन्हाळ्यात शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या पोराने विषय कधी निवडले होते? नववीत, म्हणजे चार वर्षांपूर्वी. तेव्हा हे अनुदान कुणाच्या स्वप्नातही नव्हते. मग या अनुदानाने कोणाला कठीण विषयाकडे वळवले? पहिल्या वर्षी तरी कोणालाच नाही. ज्याने ते आधीच घेतले होते त्याला बक्षीस मिळाले, ज्याने घेतले नव्हते त्याला 'तू घ्यायला पाहिजे होतेस' एवढे ऐकायला मिळाले.

आपल्याला हे नवीन नाही. मृग सरला, तूर-कपाशी पेरून झाली, आणि मग सरकार म्हणते की यंदा आम्ही अमक्या पिकाचा हमीभाव वाढवला आहे. ज्याच्या शेतात योगायोगाने ते पीक आहे त्याचे नशीब उघडले. बाकीच्यांनी काय उभे पीक मोडायचे? भाव पेरणीआधी कळला तर तो शेतकऱ्याला दिशा देतो. पेरणीनंतर कळला तर ती लॉटरी होते.

आणि पुढच्या वर्षांच्या पोरांना तरी विश्वास कसा वाटावा? नववीतल्या पोराने विषय निवडायचे ते चार वर्षांनंतरच्या पैशाच्या भरवशावर. योजनेचे आयुष्यच पाच वर्षांचे. २००७ साली नववीत बसलेल्या पोराने ही योजना ऐकून हट्टाने भौतिकशास्त्र घेतले असेल, तर तो २०११ साली शाळा संपवून कॉलेजच्या दारात पोचला तेव्हा योजना बंद झाली होती. २०१०-११ हे तिचे शेवटचे वर्ष.

दुसरी चूक : बी नाही आणि उताऱ्याची अट

एकाधिकार खरेदीच्या काळात ग्रेडर कसा माल पाहायचा ते इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. मूठभर कापूस हातात घेतला, धागा ओढला आणि ग्रेड ठोकली. धागा आखूड का राहिला, पावसाने ऐन फुलोऱ्यात दगा दिला का, बियाणे बनावट होते का, हे विचारणे त्याचे काम नव्हते. या अनुदानाने तेच केले. पोराचा दाखला हातात घेतला आणि विचारले, भौतिकशास्त्र कुठे आहे? त्याच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला माणूसच नव्हता, हे त्या कागदावर कुठे लिहायचे?

असे तिकडे खरोखर घडते का? घडते. अमेरिकेच्या संसदेसाठी सरकारी कामांची तपासणी करणारी कचेरी आहे, आपल्या महालेखापालांसारखी. तिने ऑक्टोबर २०१८ मध्ये अहवाल दिला. जिथे गरीब पोरे जास्त आहेत त्या शाळांत, आणि ज्या शाळा लहान आहेत त्यांत, कॉलेजसाठी लागणारे गणित-विज्ञानाचे पुढचे विषय कमी शिकवले जातात. लहान शाळा म्हणजे बहुतेक करून खेड्यातल्या शाळा. टेक्ससच्या माळावर जिथे कापूस आणि ज्वारी पिकते, तिथली गावे दूर दूर विखुरलेली आहेत. दोन-चार पोरांसाठी निराळा मास्तर ठेवणे त्या शाळेला झेपत नाही. म्हणजे ज्या पोराची शाळा आधीच लुळी, त्यालाच अनुदान नाही. ज्याच्या शहरात सगळे विषय आहेत, तो गरीब असला तरी त्याला अनुदान. गरिबांमध्येही 'इंडिया' आणि 'भारत' अशी फाळणी झाली.

तिसरी चूक : रक्कम आणि कागद

आता रक्कम पाहा. २००६ साली डॉलर साधारण ४५ रुपयांचा होता, म्हणजे ७५० डॉलरचे सुमारे ३४ हजार रुपये. आपल्याला ही रक्कम मोठी वाटेल. पण डॉलर तिथल्या मजुरीत मोजले पाहिजेत. त्या वर्षी तिकडचे केंद्राचे किमान वेतन तासाला ५ डॉलर १५ सेंट होते. म्हणजे ७५० डॉलर ही सुमारे १४५ तासांची, अठरा दिवसांची मजुरी. सरकारी चार वर्षांच्या कॉलेजची सरासरी फीच वर्षाला सुमारे ५,८०० डॉलर होती. राहण्या-जेवणाचा खर्च धरला तर सुमारे १२,८०० डॉलर. अठरा दिवसांच्या मजुरीसाठी चौदा-पंधरा वर्षांचे पोर चार वर्षे आधी हिशेब करून बीजगणित घेईल, असे ज्याला वाटते त्याने चौदा वर्षांचे पोर पाहिलेले नसावे.

अटीही तशाच. सुरुवातीला पूर्ण वेळ शिकणाऱ्यालाच अनुदान मिळे. जो पोर अर्धा दिवस पेट्रोलपंपावर काम करून उरलेल्या वेळात कॉलेज करतो त्याला नाही. म्हणजे ज्याला पैशाची खरी निकड त्यालाच वगळले. २००८ साली कायदा दुरुस्त करून जुलै २००९ पासून ही अट सैल केली, तोवर योजनेची दोनच वर्षे उरली होती. कॉलेजच्या कारकुनांना प्रत्येक पोराचे शाळेचे दाखले तपासत बसावे लागले, कारण पन्नास राज्यांच्या पन्नास तऱ्हा.

परिणाम काय झाला? पहिल्या वर्षी दोन्ही योजनांसाठी ७९ कोटी डॉलर ठेवले होते. वाटले गेले निम्म्याहून थोडे जास्त. चढाओढीचे अनुदान सुमारे ३ लाख पोरांना मिळाले. पेल घेणारे सगळे मिळून ५० लाखांहून जास्त होते. त्यांत वरच्या वर्गांतले आणि मोठ्या वयाचे पुष्कळ होते हे खरे, तरी गरिबासाठी ठेवलेला पैसा गरीब असूनही तिजोरीत शिल्लक राहिला. शिल्लक राहिलेल्या पैशाला सरकार 'लाभार्थी मिळाले नाहीत' असे म्हणते. अटींची चाळणी किती बारीक ठेवली होती ते सांगत नाही.

'स्मार्ट' अनुदानाने पोरे विज्ञानाकडे वळली का, याचाही पुढे अभ्यास झाला. ओहायो राज्यात फरक दिसला नाही. टेक्ससमध्ये थोडा दिसला. वर्षाला ४,००० डॉलर ही रक्कम लहान नव्हती. पण विसाव्या वर्षी पैसे दाखवून पोर विज्ञानाकडे वळवायचे असेल, तर त्याच्या हातात चौदाव्या वर्षीचे गणित असावे लागते.

ओक्लाहोमाचा करार

मग दुसरा रस्ता होता का? होता, आणि तो त्याच देशात, या योजनेच्या चौदा वर्षे आधी सुरू झालेला होता. ओक्लाहोमा हे राज्य आपल्याला शेजारचे वाटावे असे आहे. गहू, कापूस, ज्वारी. १९३० नंतरच्या दुष्काळात तिथली माती उडून गेली आणि शेतकरी घरदार सोडून कॅलिफोर्नियाकडे चालू लागले. त्या राज्याने १९९२ साली कायदा केला. आज त्या योजनेला 'ओक्लाहोमाचे वचन' म्हणतात.

तिची रीत अशी. पोर शाळेत असतानाच नाव नोंदवायचे. घरची मिळकत ठरलेल्या मर्यादेच्या आत पाहिजे. पोराने आणि आई-बापाने कागदावर सही करायची. पोराने काय कबूल करायचे? शाळेत नेमाने जाईन, घरचा अभ्यास करीन, दारू आणि नशेपासून दूर राहीन, ठरलेले सतरा विषय-भाग पुरे करीन आणि चारपैकी अडीचची सरासरी राखीन. सरकारने काय कबूल करायचे? एवढे केलेस तर राज्यातल्या सरकारी कॉलेजात तुझी शिकवणीची फी आम्ही भरू.

फरक बघा. विषय तेच, गणित-विज्ञान-भाषा. अटही तशीच, किंबहुना जास्त. पण भाव पेरणीच्या आधी सांगितला आहे, लेखी सांगितला आहे, आणि दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत. रक्कम 'अमुक डॉलरपर्यंत' अशी लोंबती नाही. फी जेवढी असेल तेवढी. २००७ साली त्या राज्याने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. या योजनेचा पैसा दरवर्षीच्या भांडणातून काढला आणि राज्याच्या महसुलातून सगळ्यांत आधी बाजूला ठेवायची तरतूद केली. म्हणून तीस वर्षांनंतरही ती योजना उभी आहे.

तिच्यातही उणे आहे. वह्या-पुस्तके, खोलीचे भाडे, जेवण हे त्यात येत नाही. आणि ज्या शाळेत विषयच नाही त्या शाळेचा प्रश्न नुसत्या कराराने सुटत नाही. पण करारामुळे एक गोष्ट होते. सतरा विषय-भाग लागतात असे सरकारनेच लिहून दिल्यावर, आमच्या गावच्या शाळेत ते कुठे आहेत, असे बापाला विचारता येते. लेखी वचन हे मागणीचे हत्यार होते.

आपल्या दारात

आता आपल्याकडे या. केंद्राची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती २००८ साली सुरू झाली. बारावीत बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्याला वर्षाला ८० हजार रुपये. रक्कम चांगली. पण हे पिकून तयार झालेल्या मालाला दिलेले बक्षीस आहे. तालुक्याच्या कॉलेजात बारावीला भौतिकशास्त्राची जागा रिकामी असेल तर वरच्या एक टक्क्यात कोण जाणार?

त्याच साली सुरू झालेली दुसरी योजना आहे, तिची चर्चा कमी होते. आठवीत परीक्षा द्यायची, उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी अनुदान. २०१७ पासून ते वर्षाला १२ हजार रुपये आहे. देशभरात दरवर्षी एक लाख पोरांसाठी. ही योजना वाटेवर मदत करते, म्हणून ती आम्हाला जवळची वाटते. सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतली पोरेच तिला बसू शकतात. इथल्या प्रत्येक गावातून आठवीची किती पोरे त्या परीक्षेला बसली, हे गावी गेल्यावर विचारा. आकडा शून्य निघाला तर दोष पोरांचा नसेल.

जुलै २०२४ मध्ये राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आठ लाखांच्या आत मिळकत असलेल्या घरच्या मुलींची शिकवणीची आणि परीक्षेची फी पूर्ण माफ केली. स्वागत आहे. पण ज्या गावातून अकरावी सायन्सच्या वेळेला एस.टी.च जात नाही, तिथल्या मुलीला फीमाफीचा कागद दाखवून काय उपयोग? ती मुलगी त्या फीपर्यंत पोचायच्या आधीच गळून गेलेली असते.

एक शंका घेतली जाईल. सूट-सबसिडी नको, घामाचे दाम हवे, असे म्हणणारे तुम्ही अनुदाने कशी मागता? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर सरळ आहे. १९८६ ते १९८८ या काळात शेतमालाला मिळालेला आधार उणे होता, असे आपल्याच सरकारने जागतिक व्यापाराच्या कागदांत लिहून दिले. जो पैसा आमच्या खिशातून गेला तो खिशात राहिला असता, तर पोरांची फी आम्हीच भरली असती. तो हिशेब आम्ही सोडलेला नाही. पण शाळेत मास्तर असणे याला आम्ही सबसिडी मानत नाही. रस्ता, पाणी, न्यायालय तशी शाळा. ती कोणावर उपकार म्हणून नसते.

म्हणून आज या मेळाव्यापुढे आम्ही चार मागण्या ठेवतो.

एक, कॉलेजसाठी जे काही अनुदान किंवा फीमाफी असेल ते पोर आठवीत असताना लेखी कळवा, पोराची, पालकाची आणि सरकारची सही घेऊन. आणि ज्याला एकदा लिहून दिले त्याच्या बाबतीत मध्येच नियम बदलू नका.

दोन, ज्या विषयाची अट घालाल तो विषय तालुक्यात शिकवून दाखवा. अकरावी-बारावीच्या गणित-विज्ञानाच्या जागा रिकाम्या ठेवून गुणवत्तेच्या गोष्टी सांगू नका.

तीन, पैसे आधी द्या. सावकाराकडून फी भरायची आणि शिष्यवृत्ती वर्ष संपताना यायची, यात व्याज बापाच्या डोक्यावर बसते.

चार, काम करत शिकणाऱ्या पोराला वगळू नका. कापूस वेचून कॉलेजला जाणारी पोरगी ही योजनेची पहिली मानकरी असली पाहिजे.

मागण्या सरकारकडे. एक काम आपल्याकडे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती आहे. तिचे पाऊण सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या सभासद बायका. ती समिती बहुतेक गावांत नुसती सह्यांपुरती उरली आहे. पुढच्या ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या: आमच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित कोण शिकवतो, आणि आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला यंदा किती पोरे बसणार? मायबहिणींनो, हे प्रश्न तुम्ही विचारा. बाप्यांना ग्रामसभेत रस्त्याच्या आणि घरकुलाच्या यादीपलीकडे जायला वेळ होत नाही.

आणि घरी एवढेच करा. दहावीच्या निकालानंतर 'आपल्याला गणित झेपत नाही' असे कोणी म्हणाले, तर आधी पोराला शिकवणारा कोण होता ते विचारा. बी टाकले नाही त्या शेताला नापीक म्हणायची आपल्यात रीत नाही.

पुढचे वक्ते कापसाच्या खरेदीवर बोलतील. या चार मागण्यांचा ठराव लिहून आणला आहे. सभा संपताना तो वाचला जाईल तेव्हा हात वर करा, आणि जाताना आपापल्या गावच्या नावाची प्रत टेबलावरून घेऊन जा.